इन्स्टॉल केलेले वेब ॲप खऱ्या डेस्कटॉप ॲपसारखे वाटावे यासाठी नेमके काय करावे?

नोंदवही यांचा प्रश्न

नमस्कार. हस्तलिखिते तपासणाऱ्यांना टिपणे ठेवता यावीत म्हणून मी एक वेब ॲप तयार केले आहे. मॅनिफेस्ट फाइल (ॲपचे नाव, चिन्ह वगैरे ब्राउझरला सांगणारी) आहे, सर्व्हिस वर्कर (पानामागे चालून फाइली साठवणारी स्क्रिप्ट) आहे, क्रोम आणि एज या दोन्ही ब्राउझरांतून ते रीतसर इन्स्टॉल होते, टास्कबारवर त्याचे स्वतःचे चिन्ह दिसते आणि पत्त्याची पट्टी नसलेल्या स्वतंत्र विंडोत ते उघडते. एवढे सगळे जमूनही वापरणारे त्याला अजून ‘ती वेबसाइट’ असेच म्हणतात, आणि त्यांचे चुकते आहे असे मला वाटत नाही.

गेल्या आठवड्यात मी एका सहकारी बाईंच्या शेजारी बसून त्या ॲप कसे वापरतात ते पाहिले. त्यांचा संगणक गडद थीमवर आहे. चिन्हावर क्लिक करताच आधी पांढरीशुभ्र विंडो क्षणभर चमकली आणि मग गडद पान आले. वर टायटल बारमध्ये ‘नोंदवही - नवे टिपण - नोंदवही’ असे ॲपचे नाव दोनदा लिहिलेले होते. ‘जतन करा’ या बटणावर माउस नेला तेव्हा बाणाचा हात झाला आणि विंडोच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक लांबलचक पत्ता उमटला. टिपण निवडण्यासाठी त्यांनी कंट्रोल-ए दाबले, तर टिपणासोबत डावीकडची यादी, बटणांवरची अक्षरे, तळाची तारीख असे सगळेच निळे झाले. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी हात आखडता घेतला हे मला दिसले.

आता माझ्या मनात दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे विंडोज ११ आणि मॅकओएस यांच्यासारखी दिसणारी बटणे, मेनू आणि स्विच यांचे दोन वेगवेगळे संच सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेत, काढायचे आणि संगणक ओळखून त्यातला योग्य तो लावायचा. दुसरा म्हणजे वेबचा नाद सोडून इलेक्ट्रॉनकडे, म्हणजे वेबचा कोड डेस्कटॉप ॲप म्हणून बांधून देणाऱ्या साधनाकडे, वळायचे. दुसऱ्याला माझे मन धजत नाही, कारण टिपणांच्या एवढ्याशा ॲपबरोबर अख्खे क्रोमियम (क्रोम आणि एज यांचा मूळ गाभा) वाटत फिरणे मला पटत नाही. ज्यांनी हे काम केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

चौकट यांचे उत्तर

आपण शेजारी बसून पाहिले हे फार चांगले केले, कारण आपण नोंदवलेल्या चार खुणांपैकी एकीचाही बटणांच्या रंगरूपाशी संबंध नाही. म्हणून पहिला मार्ग मी आग्रहाने नाकारतो. विंडोज ११ मध्ये २०२१ साली कोपरे गोल झाले, मॅकओएसचे रूप २०२० मध्ये बदलले आणि २०२५ मध्ये काचेसारख्या थरांनी पुन्हा बदलले. खरी डेस्कटॉप ॲप सिस्टीमचीच बटणे वापरत असल्यामुळे अशा बदलाबरोबर आपोआप पुढे जातात, पण आपण हाताने काढलेली नक्कल जिथल्या तिथे राहते आणि मग ती नक्कल म्हणूनच डोळ्यांत भरते. शिवाय एकाच संगणकावरची चार खरी डेस्कटॉप ॲप उघडून शेजारी ठेवली तर ती दिसायला एकमेकांसारखी नसतात. सारखे असते ते त्यांचे वागणे, आणि वापरणाऱ्याच्या हाताला सवय असते ती त्याचीच.

आता आपल्या चार खुणा घेऊ. पांढऱ्या चमकेचे कारण असे की विंडो उघडल्यापासून पानाचे पहिले चित्र उमटेपर्यंतच्या वेळात ब्राउझरला काहीतरी रंग दाखवावाच लागतो. मॅनिफेस्टमधील ‘बॅकग्राउंड-कलर’ हा त्यासाठीच आहे, पण तो एकच रंग असल्यामुळे उजळ आणि गडद अशा दोन्ही थीम त्याने सांभाळल्या जात नाहीत. त्यामुळे पानाच्या हेडमध्ये अगदी सुरुवातीला ‘कलर-स्कीम’ नावाचा मेटा टॅग घालावा आणि त्याचे मूल्य ‘लाइट डार्क’ ठेवावे. सीएसएस फाइल येण्याआधीच ब्राउझर त्या टॅगवरून पानाची जमीन गडद धरतो, आणि स्क्रोल बार, मजकुराच्या चौकटी यांसारख्या त्याच्या स्वतःच्या वस्तूही त्याच थीममध्ये काढतो. त्याच ठिकाणी पार्श्वभूमीच्या रंगाचे दोन ओळींचे सीएसएस थेट पानातच लिहावे. यानंतरही चमक उरली तर आपले पान नेटवर्कची वाट पाहत आहे असे समजावे. ॲपचा सांगाडा, म्हणजे मुख्य एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट, सर्व्हिस वर्करने आधीच कॅशमध्ये ठेवून तिथूनच द्यायला हवा आणि नवी आवृत्ती मागाहून, काम न अडवता आणायला हवी. चिन्हावर क्लिक केल्यावर नेटवर्क असो वा नसो तेवढ्याच वेळात उघडणे, हा डेस्कटॉप ॲपचा पहिला गुण आहे असे मी मानतो.

नाव दोनदा येण्याचे कारण सोपे आहे. क्रोमियमवर आधारलेले ब्राउझर इन्स्टॉल केलेल्या ॲपच्या विंडोत पानाच्या शीर्षकाआधी ॲपचे नाव स्वतःच जोडतात, आणि शीर्षकाची सुरुवातच त्या नावाने होत असेल तरच ते गाळतात. आपण वेबसाइटच्या रीतीप्रमाणे नाव शेवटी लिहिले आहे. ॲप स्वतःच्या विंडोत चालत असेल तेव्हा शीर्षकात फक्त टिपणाचे नाव ठेवावे.

हात आणि पत्ता यांबद्दल सांगायचे तर आपले ‘जतन करा’ हे बटण नसून बटणासारखी दिसणारी लिंक आहे. ज्या घटकाला पत्ता असतो त्यावर माउस नेला की ब्राउझर तो पत्ता कोपऱ्यात दाखवतो, आणि ते योग्यच आहे. क्रिया करणाऱ्या प्रत्येक गोष्टीसाठी ‘बटन’ हाच घटक वापरला म्हणजे पत्ताही जातो, बाणही बाणच राहतो आणि स्पेस दाबल्यावर ते बटण कामही करू लागते. कंट्रोल-ए ची अडचण ‘यूझर-सिलेक्ट’ या गुणधर्माने सुटते. साधनपट्टी, यादी आणि बटणांवरची अक्षरे यांना तो ‘नन’ असा लावावा. मात्र तो संपूर्ण पानाला लावून मोकळे होऊ नये.

आता टायटल बारकडे वळतो, कारण वेबपण सर्वांत जास्त तिथेच उघडे पडते. मॅनिफेस्टमध्ये ‘डिस्प्ले’ हे ‘स्टँडअलोन’ ठेवून त्याच्या जोडीला ‘डिस्प्ले-ओव्हरराइड’ मध्ये ‘विंडो-कंट्रोल्स-ओव्हरले’ लिहिले, तर लहान करणे, मोठे करणे आणि बंद करणे ही बटणे सोडून टायटल बारची बाकी सगळी जागा आपल्या पानाला मिळते. क्रोम आणि एज यांत ही सोय १०५ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून आहे. त्या जागेचे मोजमाप सीएसएसमध्ये ‘टायटलबार-एरिया’ या नावाने सुरू होणाऱ्या चार मूल्यांतून मिळते: डावीकडून अंतर, वरून अंतर, रुंदी आणि उंची. मॅकवर ती तीन बटणे डावीकडे असतात आणि विंडोजवर उजवीकडे, म्हणून हे आकडे स्वतःच्या अंदाजाने कधीही लिहू नयेत.

यात तीन ठिकाणी मी स्वतः ठेचकाळलो आहे. पहिली गोष्ट म्हणजे ही सोय आपण मागितली तरी ती सुरू करायची की नाही हे वापरणारा ठरवतो. टायटल बारमध्ये त्यासाठी एक लहान बाण येतो आणि तो दाबेपर्यंत नेहमीचाच टायटल बार दिसत राहतो, त्यामुळे आपली रचना दोन्ही स्थितींत नीट दिसायला हवी. दुसरी गोष्ट अशी की वरच्या पट्टीला धरून विंडो हलवता यावी म्हणून तिला ‘ॲप-रीजन’ हा गुणधर्म ‘ड्रॅग’ असा द्यावा लागतो, पण मग त्या पट्टीतील शोधाची चौकट, बटणे आणि टॅब यांना प्रत्येकी ‘नो-ड्रॅग’ द्यावेच लागते. एरवी त्यांच्यावरचे क्लिक पानापर्यंत पोहोचतच नाहीत आणि दोष जावास्क्रिप्टचा असल्याचे वाटून माणूस तासन्‌तास शोधत राहतो. तिसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. आपण इन्स्टॉल केलेल्या विंडोत आहोत हे ओळखण्यासाठी बहुतेक जण ‘डिस्प्ले-मोड: स्टँडअलोन’ ही मीडिया क्वेरी (सीएसएसमधील अट) वापरतात, पण वापरणाऱ्याने तो बाण दाबला की डिस्प्ले-मोड बदलून ‘विंडो-कंट्रोल्स-ओव्हरले’ होतो आणि आपली जुनी क्वेरी लागू होईनाशी होते. माझ्या एका ॲपमध्ये यामुळे टायटल बार सुंदर झाला आणि त्याच क्षणी ‘ॲप इन्स्टॉल करा’ ही पट्टी इन्स्टॉल झालेल्या ॲपमध्येच पुन्हा झळकू लागली. दोन्ही क्वेरी एकत्र तपासाव्यात.

आणखी एक बारीक गोष्ट सांगतो. दुसऱ्या ॲपवर क्लिक केले की खऱ्या डेस्कटॉप ॲपचा टायटल बार फिका पडतो, म्हणजे कळफलकावर आता कोणत्या विंडोचा ताबा आहे हे नजरेला कळते. टायटल बारची जागा आपण घेतली की ही जबाबदारीही आपल्याकडे येते. विंडोचे ‘फोकस’ आणि ‘ब्लर’ हे दोन इव्हेंट (कळफलकाचा ताबा आला आणि गेला हे कळवणारे) ऐकून वरच्या पट्टीचा रंग तेवढा बदलला तरी पुरते. चार ओळींचे काम आहे, पण पूर्ण झाल्यावर ॲप शेजारच्या ॲपांच्या रांगेत बसल्यासारखे वाटते.

इलेक्ट्रॉनबद्दल माझे मत असे आहे. २०१३ मध्ये ॲटम शेल या नावाने सुरू झालेला तो प्रकल्प क्रोमियम आणि नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) बरोबर घेऊन चालतो आणि काही कामांना तो लागतोच. सिस्टीम ट्रेमध्ये कायम राहणारे चिन्ह, विंडो समोर नसतानाही चालणारे शॉर्टकट, मॅकच्या वरच्या मेनू बारवर स्वतःचे मेनू अशा गोष्टी इन्स्टॉल केलेल्या वेब ॲपला करता येत नाहीत. आपल्याला त्या नको असतील तर त्या वाटेला जाऊ नये.

सुलभ यांचे उत्तर

चौकट यांनी सांगितलेले बहुतेक सगळे मला मान्य आहे, पण ‘यूझर-सिलेक्ट’ बद्दल त्यांनी एका वाक्यात दिलेला इशारा थोडा विस्ताराने मांडायला हवा असे वाटते, कारण डेस्कटॉपसारखे करण्याच्या भरात वेबची चांगली बाजू मारली जाते हे मी वारंवार पाहिले आहे. वेबवर कोणताही मजकूर निवडून उचलता येतो. डेस्कटॉप ॲपमध्ये त्रुटीची सूचना येते, तिच्यातला क्रमांक कोणाला तरी कळवायचा असतो आणि ती अक्षरे निवडताच येत नाहीत, हा अनुभव आपणा सर्वांनाच आहे. तो दोषसुद्धा डेस्कटॉपसारखाच आणावा असे काही नाही. टिपणांचा मजकूर, त्रुटीचे संदेश, फाइलींची नावे, तारखा, आकडे, म्हणजे ज्याची कोणालाही कधीतरी नक्कल करावीशी वाटेल असे सगळे निवडण्याजोगे ठेवावे, आणि केवळ बटणांवरची नावे व साधनपट्टी तेवढी वगळावी. तळाच्या तारखेचे कंट्रोल-ए ने निळे होणे टाळायचे असेल तर टिपणाच्या संपादकाला फोकस असताना ती कळ संपादकापुरतीच राहते. तुमच्या सहकारी बाईंच्या वेळी फोकस संपादकात नव्हता, खरी अडचण ती होती. टिपण उघडताच फोकस त्यात द्यावा.

उजव्या क्लिकच्या मेनूचेही तसेच आहे. ब्राउझरचा मेनू ॲपमध्ये परका वाटतो हे खरे, पण तो सरसकट बंद केला तर लिहिण्याच्या चौकटीतले शब्दलेखनाचे पर्याय आणि पेस्ट करण्याची सोयही त्याच्याबरोबर जाते. ज्या ठिकाणी आपला स्वतःचा मेनू तयार आहे, उदाहरणार्थ यादीतल्या टिपणावर, तिथेच तो बदलावा आणि लिहिण्याच्या जागी ब्राउझरचाच राहू द्यावा. कंट्रोल-अधिक आणि कंट्रोल-वजा यांनी अक्षरे लहानमोठी करण्याची सोय तर कोणत्याही कारणाने अडवू नये. ज्यांची नजर कमजोर आहे त्यांच्यासाठी वेब ॲप अनेक डेस्कटॉप ॲपांहून सरस ठरते ते याच एका कारणाने.

संवादचौकटींकडे मी तुमचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. ‘अलर्ट’ आणि ‘कन्फर्म’ या जुन्या आज्ञांनी येणाऱ्या चौकटी ब्राउझरच्या असतात, त्यांचे रूप आपल्या हाती नसते आणि त्या उघड्या असेपर्यंत पानाचे सगळे काम थांबते. त्याऐवजी ‘डायलॉग’ हा घटक ‘शो-मोडल’ ने उघडावा. मागचे पान आपोआप निष्क्रिय होते, एस्केप दाबल्यावर चौकट मिटते आणि फोकस आधी जिथे होता तिथेच परत जातो. हा शेवटचा भाग हाताने लिहिलेल्या चौकटींत जवळजवळ नेहमी राहून जातो, आणि मग कळफलकावर काम करणाऱ्याला प्रत्येक चौकटीनंतर पानाच्या डोक्यापासून पुन्हा टॅब दाबत यावे लागते.

शेवटी एक तपासणी अवश्य करावी. विंडोजमध्ये कॉन्ट्रास्ट थीम सुरू करून आपले ॲप पाहावे. त्या स्थितीत ब्राउझर आपले बहुतेक रंग बाजूला ठेवून वापरणाऱ्याने निवडलेले रंग लावतो आणि सावल्या काढून टाकतो. ज्या बटणांची कड केवळ सावलीने किंवा पार्श्वभूमीच्या रंगाने दाखवली असेल ती बटणे तेव्हा नाहीशी होतात आणि नुसती अक्षरे तरंगत राहतात. प्रत्येक बटणाला पारदर्शक रंगाची का होईना पण एक कड द्यावी, कारण या थीममध्ये ती कड आपोआप दिसू लागते.

अक्षरजुळणी यांचे उत्तर

वरच्या दोन्ही उत्तरांत कळफलकाचा उल्लेख ओझरता आला आहे, पण टिपणांच्या ॲपला डेस्कटॉपपण देणारी गोष्ट माझ्या मते तीच आहे. ब्राउझरच्या साध्या टॅबमध्ये कंट्रोल-एन, कंट्रोल-टी आणि कंट्रोल-डब्ल्यू या जोड्या ब्राउझर स्वतःकडे राखून ठेवतो आणि पानाला त्या रोखता येत नाहीत. इन्स्टॉल केलेल्या ॲपच्या विंडोत मात्र क्रोमियम त्या आधी पानाकडे पाठवतो. म्हणजे कंट्रोल-एन दाबल्यावर नवे टिपण उघडणे तुम्हाला खरोखरच शक्य आहे. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड असते, हे इव्हेंटमधील ‘मेटा-की’ वरून ओळखावे.

आता जे सांगतो ते देवनागरीत लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या ॲपला लागू आहे. कंट्रोल-एस ओळखण्यासाठी बहुतेक उदाहरणांत इव्हेंटमधील ‘की’ हे मूल्य एस या अक्षराशी ताडून पाहिलेले असते. वापरणाऱ्याने इनस्क्रिप्ट कळफलक सुरू ठेवला असेल तर त्याच कळेवर एकाराची मात्रा असते, ‘की’ मध्ये ती मात्रा येते, तुलना चुकते आणि टिपण जतन होण्याऐवजी ब्राउझरची पान जतन करण्याची चौकट उघडते. वापरणाऱ्याला वाटते की जतन करणे कधी चालते आणि कधी चालत नाही, आणि असा अविश्वास बसला की तो जात नाही. ‘कोड’ हे दुसरे मूल्य अक्षर न पाहता कळेची जागा सांगते, तिथे ‘की-एस’ असेच येते. पण केवळ ‘कोड’ वर भिस्त ठेवली तर ज्यांच्या रोमन कळफलकावर अक्षरांच्या जागा निराळ्या आहेत त्यांची पंचाईत होते. म्हणून आधी ‘की’ पाहावी, ती रोमन अक्षर असेल तर तीच प्रमाण मानावी, आणि नसेल तरच ‘कोड’ कडे वळावे. त्याचबरोबर ‘इज-कंपोझिंग’ खरे असताना, म्हणजे शब्द अजून जुळत असताना, कोणताही शॉर्टकट किंवा एंटर हाताळू नये, नाहीतर लिप्यंतर करणाऱ्या कळफलकावर शब्द पक्का करण्यासाठी दाबलेल्या एंटरने अर्धेच टिपण रवाना होते.

अक्षरांबद्दलही दोन शब्द लिहितो. इंटरफेससाठी ‘सिस्टीम-यूआय’ हा फॉन्ट द्यावा, म्हणजे विंडोजवर सीगो आणि मॅकवर सॅन फ्रान्सिस्को आपोआप येतो. देवनागरी अक्षरे त्या फॉन्टांत नसल्यामुळे विंडोज ती निर्मला यूआयमधून आणि मॅक कोहिनूर देवनागरीतून घेतो. या दोन्हींच्या मात्रा व उकार रोमन अक्षरांपेक्षा वर आणि खाली अधिक जागा मागतात. टायटल बारची उंची ठरलेली असते, आणि तिथे ओळीची उंची १ ठेवून ‘ओव्हरफ्लो’ लपवलेला असेल तर ‘र्की’ मधला रफार वरून आणि ‘कृ’ मधला ऋकार खालून कापला जातो. रोमन मजकुरावर तपासणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. ओळीची उंची किमान १.५ ठेवावी आणि अक्षरे मध्यावर आणण्याचे काम सीएसएसच्या फ्लेक्स मांडणीकडे सोपवावे.

फाइलींचा विषय अजून कोणी काढलेला नाही. माझ्या दृष्टीने ज्या दिवशी फाइलवर दोनदा क्लिक करून ॲप उघडते त्या दिवशी लोक त्याला वेबसाइट म्हणायचे थांबतात. मॅनिफेस्टमध्ये ‘फाइल-हँडलर्स’ लिहून आपले फाइल एक्स्टेंशन नोंदवता येते. क्रोम आणि एज यांत हे १०२ व्या आवृत्तीपासून चालते, आणि पहिल्या वेळी ब्राउझर वापरणाऱ्याची परवानगी विचारतो. ॲप उघडल्यावर ‘लाँच-क्यू’ मधून त्या फाइलीचे हँडल, म्हणजे ती वाचण्या-लिहिण्याचा दुवा, हाती येते, आणि त्याच हँडलवर परत लिहिता येत असल्याने कंट्रोल-एस ने मूळ फाइलच जतन होते, डाउनलोडच्या फोल्डरमध्ये नवनव्या प्रती साचत नाहीत. ॲप आधीच उघडे असताना दुसरी फाइल आली तर काय व्हावे हे ‘लाँच-हँडलर’ मध्ये ठरवता येते. टिपणांसाठी मी ‘फोकस-एक्झिस्टिंग’ निवडेन, कारण त्यात चालू पान पुन्हा लोड होत नाही आणि अर्धवट लिहिलेले सुरक्षित राहते. सफारीने मॅकओएस सोनोमाबरोबर २०२३ मध्ये वेब ॲप डॉकमध्ये ठेवण्याची सोय आणली खरी, पण त्यात फाइल-हँडलर्सही नाहीत आणि टायटल बारची जागाही मिळत नाही. तिथे साधे निवडणे आणि डाउनलोड करणे हाच मार्ग ठेवावा.

नोंदवही यांचे प्रत्युत्तर

आपणा तिघांचे मनापासून आभार मानतो. बटणांचे दोन संच काढण्याचा बेत मी सोडून दिला आणि गेले काही दिवस वरच्या उत्तरांप्रमाणेच काम केले. ‘कलर-स्कीम’ च्या एका टॅगने पांढरी चमक गेली. शोधून पाहिले तेव्हा माझ्या ॲपमध्ये बटण म्हणून वापरलेल्या १४ लिंक निघाल्या, त्या सगळ्या बदलल्या. इनस्क्रिप्टचा मुद्दा वाचून मात्र मी चकित झालो, कारण ‘जतन कधी कधी होत नाही’ अशी तक्रार माझ्याकडे दोनदा आली होती आणि प्रत्येक वेळी मी ती माझ्या रोमन कळफलकावर तपासून, सर्व ठीक असल्याचे कळवले होते. त्या दोघांना मी आज पत्र लिहून चूक माझीच असल्याचे सांगितले आहे.

एक अडचण राहिली आहे. लॉगिनचे पान दुसऱ्या डोमेनवर असल्यामुळे तिथे जाताच विंडोच्या माथ्यावर पत्ता दाखवणारी एक पट्टी येते आणि सगळी रचना खाली सरकते. ती काढता येईल का? आणि एकदा चुकून एक चित्राची फाइल माउसने ओढून विंडोवर सोडली, तर ॲप ती घेईल असे वाटत असताना ब्राउझरने ते चित्रच उघडून दाखवले. हे कसे रोखावे?

चौकट यांचे उत्तर

ती पट्टी काढता येत नाही आणि ती काढावी असे मलाही वाटत नाही. मॅनिफेस्टमधील ‘स्कोप’ च्या (ॲपच्या पत्त्यांच्या हद्दीच्या) बाहेरचे पान उघडले की आपण नेमके कोणाच्या पानावर पासवर्ड लिहीत आहोत हे वापरणाऱ्याला दिसलेच पाहिजे, आणि ती पट्टी तेवढेच करते. लॉगिन वेगळ्या लहान पॉपअप विंडोत उघडावे, म्हणजे मुख्य विंडोची रचना हलणार नाही आणि पत्ताही दिसत राहील. मदतीची व इतर बाहेरची पाने ‘टार्गेट-ब्लँक’ लावून ब्राउझरकडेच पाठवावीत.

ओढून सोडलेल्या फाइलीसाठी संपूर्ण विंडोवर ‘ड्रॅग-ओव्हर’ आणि ‘ड्रॉप’ हे दोन्ही इव्हेंट ऐकून, त्यांत फाइल असेल तेव्हा ब्राउझरची मूळ कृती ‘प्रिव्हेंट-डिफॉल्ट’ ने थांबवावी. केवळ ‘ड्रॉप’ थांबवून भागत नाही, कारण ‘ड्रॅग-ओव्हर’ न थांबवल्यास ‘ड्रॉप’ आपल्यापर्यंत येतच नाही. त्यानंतर टिपणाच्या जागेवर फाइल सोडली तर ती जोडून घ्यावी, आणि इतरत्र सोडली तर ‘ड्रॉप-इफेक्ट’ हे ‘नन’ करावे, म्हणजे इथे सोडता येत नाही अशी खूण माउसच्या बाणावरच उमटते. टिपण जतन झालेले नसेल तेवढ्यापुरता ‘बिफोर-अनलोड’ (विंडो बंद होण्याआधीचा इव्हेंट) ही जोडून ठेवावा, पण जतन होताच तो काढून टाकावा. तो कायम राहिला तर विंडो बंद करताना दर वेळी विनाकारण विचारणा होते आणि लोक न वाचताच ‘बाहेर पडा’ दाबायला शिकतात.